डर्बन फिल्ममार्टला जायचंय? टेबलावर बसायच्या आधी एवढं करा

दरवर्षी जुलै जवळ आला की कोणीतरी विचारतंच, आम्ही नैरोबीत असतो, इकडच्या एका डायरेक्टरसोबत डॉक्युमेंटरी करतोय, तर डर्बन फिल्ममार्टला, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या त्या फिल्म मार्केटला, जाऊन यावं का, तिथे फिल्म विकली जाते का. म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकू. हे मुख्यतः त्यांच्यासाठी जे आफ्रिकेत राहून काम करतायत किंवा आफ्रिकन डायरेक्टरच्या प्रोजेक्टमध्ये प्रोड्युसर, को-प्रोड्युसर, एडिटर म्हणून शिरलेत. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही.

पहिलं म्हणजे तयार फिल्म घेऊन जायचं आणि गिऱ्हाईक गाठायचं असं काही डोक्यात असेल तर ते काढून टाका. डर्बन फिल्ममार्ट २०१० ला सुरू झालं, डर्बन शहराचं फिल्म ऑफिस आणि डर्बन इंटरनॅशनल फिल्म फेस्टिव्हल यांनी मिळून सुरू केलं, फेस्टिव्हल मात्र जुना, १९७९ पासूनचा. मार्केटमधला खरा ऐवज म्हणजे पिच अँड फायनान्स फोरम, जिथे निवडलेले प्रोजेक्ट पैसे लावणाऱ्यांसमोर मांडतात (त्यालाच पिच म्हणतात), आणि तिथे येणाऱ्या बहुतेक फिल्म अजून बनलेल्याच नसतात. स्क्रिप्ट असते, ट्रीटमेंट (फिल्म कशी उलगडेल त्याचं वर्णन) असते, चार मिनिटांचा टीझर असतो, थोडेफार पैसे जमलेले असतात आणि उरलेल्यांसाठी माणसं शोधायची असतात. म्हणजे तिथे माल विकायचा नसतो, पार्टनर शोधायचा असतो, आणि पार्टनर शोधताना तुम्हाला नक्की काय हवंय हे सांगता आलं नाही तर समोरचा गोड हसून कार्ड देतो आणि विषय संपतो.

आता तुमची फिल्म कुठल्या टप्प्यावर आहे ते आधी बघा, कारण आफ्रिकन फिल्ममेकर्ससाठी डर्बन हे एकच ठिकाण नाही आणि चुकीच्या टप्प्यावर चुकीच्या ठिकाणी गेलात तर तिकिटाचे पैसे वाया. डेव्हलपमेंटमध्ये, म्हणजे अजून तयारीत असाल, डायरेक्टर आणि प्रोड्युसर दोघं ठरलेले असतील, तर डर्बन बरोबर. रफ कट, म्हणजे एडिटिंगचा कच्चा खर्डा, हातात असेल तर व्हेनिस फेस्टिव्हलचं फायनल कट हे वर्कशॉप बघा, ते २०१३ पासून आफ्रिका आणि काही अरब देशांतल्या अर्धवट फिल्म्ससाठीच आहे आणि तिथे मिळणारी बरीचशी मदत रोख नसते, तर कलर ग्रेडिंग, साउंड मिक्स, डीसीपी (थिएटरमध्ये दाखवायची डिजिटल कॉपी), सबटायटल असल्या कामांच्या रूपात असते. ऐकायला कमी वाटतं पण शेवटच्या टप्प्यात पैसा नेमका तिथेच अडतो. मोरोक्कोतल्या माराकेश फेस्टिव्हलचे ॲटलास वर्कशॉप्स २०१८ पासून आहेत, ते डेव्हलपमेंट आणि पोस्ट (शूटनंतरचं काम) दोन्ही घेतात. ट्युनिसच्या कार्थेज फेस्टिव्हलमध्ये शबाका हा प्रोजेक्टसाठी आणि तकमील हा पोस्टसाठी असे दोन वेगळे विभाग आहेत. टीव्ही सिरीज किंवा तयार कंटेंट खरंच विकायचा असेल तर केपटाऊनचं मिप आफ्रिका हे मार्केट, सप्टेंबरमध्ये. आणि बुर्किना फासोमधल्या वागाडुगूचा फेस्पॅको हा फेस्टिव्हल, १९६९ पासूनचा, एक वर्षाआड विषम सालात होतो, त्यासोबत मीका नावाचं मार्केट १९८३ पासून आहे, पण तिथे फ्रेंचशिवाय पान हलत नाही. इंग्रजीवर निभावून नेऊ म्हणून गेलात तर कोपऱ्यात उभे राहाल. फ्रेंच बोलणारा प्रोड्युसर सोबत असेल तर मात्र पश्चिम आफ्रिकेतली माणसं भेटायला त्यासारखी जागा नाही.

अगदीच सुरुवात असेल, पहिली शॉर्ट फिल्म झालीय आणि पुढे काय ते कळत नाहीये, तर फोरमच्या मागे लागू नका, टॅलेंट्स डर्बनला अर्ज करा. बर्लिनालेच्या (बर्लिनच्या फिल्म फेस्टिव्हलच्या) टॅलेंट्स प्रोग्रॅमसोबत चालतो तो, आफ्रिकेतल्या नव्या फिल्ममेकर्ससाठी आहे, आणि तिथे कोणी तुमच्याकडे फायनान्स प्लॅन, म्हणजे पैसे कुठून कुठून येणार त्याचा हिशोब, मागत नाही.

अर्जाचं एक आधीच सांगतो, कारण दरवेळी इथेच घोळ होतो. जुलैच्या फोरमचे अर्ज कित्येक महिने आधीच बंद होतात, मे महिन्यात जागे झालात तर तुम्ही फक्त डेलिगेट म्हणून, म्हणजे नुसते नाव नोंदवून, जाऊ शकता, प्रोजेक्ट घेऊन नाही. दुसरं म्हणजे नागरिकत्व. हे मार्केट आफ्रिकन फिल्ममेकर्ससाठी आहे त्यामुळे डायरेक्टर आणि प्रोड्युसर कुठल्या पासपोर्टचे हा प्रश्न येणारच, त्या वर्षीचे नियम अक्षर न् अक्षर वाचा. तुमचा पासपोर्ट भारतीय असेल तर पुढे डायरेक्टर आणि तिथला प्रोड्युसर राहू दे, तुम्ही को-प्रोड्युसर म्हणून मागे बसा. हे फक्त नियमापुरतं नाही. बाहेरचा माणूस मीटिंगच्या टेबलावर सगळं बोलतोय आणि ज्याची गोष्ट आहे तो डायरेक्टर गप्प बसलाय हे दृश्य तिथल्या लोकांनी इतक्यांदा बघितलंय की त्यांचा लगेच मूड जातो, आणि बरोबरच आहे त्यांचं.

डेलिगेट म्हणून जाणंही वाईट नाही हां. पॅनल ऐकता येतात, लोक भेटतात, मीटिंग मागता येतात, फक्त फोरममध्ये निवडलेल्या प्रोजेक्टना जशा ठरवून मीटिंग लावून देतात तशा तुम्हाला कोणी लावून देणार नाही, स्वतःच मागे लागावं लागेल.

आता कागदपत्रं. लॉगलाईन (एका ओळीत गोष्ट), एका पानाचा सिनॉप्सिस (सारांश), ट्रीटमेंट, डायरेक्टर्स नोट, टीमची माहिती, बजेट, फायनान्स प्लॅन, आणि हक्कांचे कागद, म्हणजे स्क्रिप्ट कोणाची, कादंबरीवरून असेल तर हक्क घेतलेत का, डॉक्युमेंटरी असेल तर मुख्य माणसाची लेखी संमती आहे का. डायरेक्टर्स नोटबद्दल एवढंच म्हणेन की 'ही गोष्ट जगाला सांगायला हवी' असलं वाक्य असेल तर खोडा, सगळ्यांच्या नोटमध्ये असतं ते. त्याऐवजी कॅमेरा कुठे असणार, किती काळ शूट करणार, कोणाच्या घरात शिरायला मिळालंय ते लिहा.

जास्त वेळ द्या फायनान्स प्लॅनला. समोर बसलेला माणूस सिनॉप्सिस भराभर चाळतो पण हे पान थांबून वाचतो. समजा एक डॉक्युमेंटरी आहे, केनियातल्या किसुमूजवळ लेक व्हिक्टोरियाच्या काठावर मासे विकणाऱ्या एका बाईवर, बजेट १,८०,००० युरो. आता लोक काय करतात, एका ओळीत लिहितात की १०,००० स्वतःचे, बाकी 'इंटरनॅशनल फंड्स'. असला प्लॅन म्हणजे प्लॅनच नाही. नीट लिहायचं तर प्रत्येक रकमेपुढे तिची स्थिती हवी. १०,००० स्वतःचे, खर्च झालेले, पावत्या आहेत. १५,००० चं काम प्रोड्युसर आणि एडिटरने फी नंतर घ्यायच्या बोलीवर केलंय, ते वेगळं दाखवा, रोख म्हणून खपवू नका, लगेच पकडतात. २०,००० नैरोबीच्या डॉक्युबॉक्स या डॉक्युमेंटरी फंडाकडे मागितलेत, निकाल बाकी. पुढे इडफा बर्था फंड, हॉट डॉक्स ब्लू आइस फंड (इडफा आणि हॉट डॉक्स हे डॉक्युमेंटरी फेस्टिव्हल) वगैरे जिथे अर्ज करायचाय ते तारखेसकट. आणि उरलेली मोठी रक्कम कोणत्या देशातल्या को-प्रोड्युसरकडून यावी असं तुम्हाला वाटतं ते. मिळालेले, मागितलेले आणि नुसते मनातले पैसे हे तीन रकाने वेगळे असले की तुम्ही खोटं बोलत नाही हे पहिल्या मिनिटातच समोरच्याला कळतं. आणि थोडे का होईना, घरच्या देशातले पैसे त्यात हवेतच, तुमच्याच देशात कोणी एक रुपया लावला नाही तर आम्ही का लावू असा सरळ हिशोब असतो बाहेरच्या फंडवाल्यांचा.

को-प्रोड्युसर कुठल्या देशातला हे का महत्त्वाचं ते बघा. बर्लिनालेचा वर्ल्ड सिनेमा फंड, २००४ पासूनचा, त्याला जर्मन पार्टनर लागतो. फ्रान्सच्या सीएनसी या सरकारी फिल्म संस्थेचा जागतिक सिनेमासाठीचा फंड आहे, त्याला फ्रेंच को-प्रोड्युसर लागतो. रॉटरडॅम फेस्टिव्हलचा ह्युबर्ट बाल्स फंड १९८८ पासून आहे, तो स्क्रिप्ट-डेव्हलपमेंटच्या टप्प्यावरही विचारात घेतो. म्हणजे तुम्ही जर्मन माणसासमोर बसलात की खरं तर त्याच्या मागच्या फंडासमोर बसलेले असता, त्याला मनातल्या मनात एकच गोष्ट ठरवायची असते की हा प्रोजेक्ट मी तिथे घेऊन गेलो तर चालेल का. दक्षिण आफ्रिकेचा को-प्रोड्युसर घेतलात तर तिथला नॅशनल फिल्म अँड व्हिडिओ फाउंडेशन आणि सरकारी रिबेट (खर्चाचा काही भाग सरकार परत देतं तो) हे दोन दरवाजे आहेत, पण रिबेटचं कागदावर जेवढं सुंदर दिसतं तेवढं धरून चालू नका, थकलेल्या पेमेंटसाठी तिथले फिल्मवाले २०२५ च्या सुरुवातीला रस्त्यावर उतरले होते. रिबेट प्लॅनमध्ये दाखवा, पण तो उशिरा आला तर मधले महिने कशावर काढणार त्याचंही उत्तर तयार ठेवा.

स्ट्रीमिंगवाल्यांच्या भरवशावर प्लॅन करत असाल तर तोही पुन्हा एकदा बघा. ॲमेझॉनने जानेवारी २०२४ मध्ये आफ्रिकेत नवीन ओरिजिनल, म्हणजे स्वतःच्या फिल्म आणि सिरीज, करणं थांबवलं. दक्षिण आफ्रिकेची टीव्ही कंपनी मल्टिचॉइस २०२५ मध्ये फ्रान्सच्या कॅनल प्लसच्या हातात गेली. जुन्या डेकमध्ये (प्रोजेक्टच्या प्रेझेंटेशनमध्ये) अजून 'ॲमेझॉनशी बोलणार' लिहिलेलं असेल तर आजच काढा.

मीटिंग मागताना सरसकट सगळ्यांना एकच मेसेज पाठवू नका. डेलिगेटची यादी आली की बसून एकेकाचं काम बघा, गेल्या दोन-तीन वर्षांत कुठल्या फिल्म्समध्ये होता, डॉक्युमेंटरी करतो की फिक्शन, कुठल्या टप्प्यावर येतो. सेल्स एजंटला (फिल्म विकून देणाऱ्याला) डेव्हलपमेंटमधली डॉक्युमेंटरी दाखवून काही होत नाही, तो म्हणणार रफ कट झाला की पाठव. तो नकार नाही, पण तुमचा अर्धा तास गेला. ज्यांच्याकडे मागण्यासारखं काही आहे अशाच माणसांची यादी करा, आणि प्रत्येक नावापुढे एकच मागणी लिहा. एकच. हीच गोष्ट मी सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगत असतो.

कारण टेबलावर काय होतं ते सांगतो. साधारण वीस-तीस मिनिटं असतात, बाजूच्या टेबलांवर गोंगाट असतो, समोरचा माणूस सकाळपासून एकामागून एक प्रोजेक्ट ऐकतोय, त्याची कॉफी गार झालीय. बहुतेक लोक काय करतात, पूर्ण गोष्ट सांगायला लागतात, त्या बाईचं लहानपण, मग तळ्याचं प्रदूषण, मग माशांचे घटते साठे, मग सरकार, आणि पंधराव्या मिनिटाला म्हणतात की आम्हाला फंडिंग, को-प्रोडक्शन, सेल्स, फेस्टिव्हल, सगळ्याचीच मदत हवीय. झालं, आता तो बिचारा नक्की कशाला हो म्हणणार? त्याऐवजी असं बोला की ही किसुमूच्या एका मासे विकणाऱ्या बाईवरची फिल्म आहे, आम्ही वर्षभर तिच्यासोबत शूट केलंय, एवढे पैसे हातात आहेत, तुमच्या कंपनीने याआधी पूर्व आफ्रिकेतली एक डॉक्युमेंटरी वर्ल्ड सिनेमा फंडाकडे नेली होती, आम्हाला तसाच जर्मन पार्टनर हवाय, टीझर दाखवू का. एवढं दोन मिनिटांत होतं. मग लॅपटॉप फिरवा, हेडफोन द्या, टीझर चालू करा आणि गप्प बसा. टीझर चालू असताना मध्येमध्ये समजावत बसू नका, फार लोकांना ही खोड असते.

टीझर संपला की प्रश्न येतील, आणि प्रश्न आले म्हणजे चांगलं चाललंय. 'तुम्हालाच का ती बाई आत येऊ देते?' हा हमखास येणारा प्रश्न, त्याचं उत्तर डायरेक्टरने द्यायचं. 'आणखी किती शूट बाकी?' हे प्रोड्युसरने. कोण काय बोलणार हे आधी ठरवा, दोघं एकदम बोलायला लागलात की टीम नीट नाही असा अर्थ निघतो. माहीत नसेल तर माहीत नाही, मेलवर कळवतो म्हणा. बजेटच्या आकड्यात तिथल्या तिथे कपात करून दाखवू नका, आत्ता तीस टक्के कमी करता येतात तर आधी का फुगवले होते असं त्याला वाटतं.

स्टेजवरचं पिच हा वेगळा प्रकार. लोक त्याचीच धास्ती घेतात, रात्र रात्र पाठ करतात, पण माझ्या मते ते तेवढं मोठं नाही. पिच हे मीटिंगचं आमंत्रण समजा, पैसे टेबलावर ठरतात. वेळ पाळा, कागद वाचू नका, शेवटच्या वाक्यात काय हवंय ते सांगा, बस. शेवटी बक्षिसं असतात, त्यातली काही रॉटरडॅमचं सिनेमार्ट हे मार्केट किंवा ॲम्स्टरडॅमचं इडफा यांच्यासारख्या पार्टनरकडून असतात आणि त्यांचा फायदा रकमेपेक्षा पुढच्या ओळखींचा जास्त होतो.

कोणी मीटिंगमध्ये फार उत्साह दाखवला तर तिथेच हो म्हणून मोकळे होऊ नका. को-प्रोडक्शनमध्ये मालकी किती टक्के कोणाकडे, आफ्रिकेतले हक्क कोणाकडे, फिल्मच्या अंतिम कटवर शेवटचा शब्द कोणाचा, पोस्ट कुठे होणार, हे लेखी येईपर्यंत काहीच ठरलेलं नसतं. युरोपियन फंडाचा पैसा आणणारा पार्टनर हळूहळू सगळ्या गोष्टीत शिरतो आणि मूळ प्रोड्युसर नुसता लोकेशनची सोय करणारा उरतो, हे या धंद्यात सर्रास होतं. आफ्रिकेतले हक्क तरी स्वतःकडे ठेवा, आज त्याला भाव नसला तरी.

प्रवासाचं भराभर सांगतो. केनियन पासपोर्टला दक्षिण आफ्रिकेत ९० दिवस व्हिसा लागत नाही, नायजेरियनला लागतो, भारतीयालाही लागतो, त्यामुळे टीममध्ये तीन देशांचे लोक असतील तर ज्याला व्हिसा लागतो त्याच्या कागदांपासून सुरुवात करा, मार्केटचं निमंत्रण पत्र लवकर मागून घ्या. पासपोर्टमध्ये कोरी पानं आहेत का बघा. यलो फीव्हरची लस फार जण विसरतात. केनिया, युगांडा, नायजेरिया अशा देशांतून आलात किंवा तिथल्या विमानतळावर बारा तासांपेक्षा जास्त थांबलात तर सर्टिफिकेट मागतात, आणि ते लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं, आदल्या दिवशी टोचून घेऊन उपयोग नाही. एकदा घेतली की आयुष्यभर चालते.

जोहान्सबर्गहून डर्बनला जात असाल तर सामान जोहान्सबर्गलाच घ्यायचं, कस्टममधून बाहेर काढायचं आणि पुन्हा देशांतर्गत फ्लाईटला जमा करायचं, त्यामुळे दोन फ्लाईटच्या मध्ये भरपूर वेळ ठेवा. हार्ड डिस्क आणि लॅपटॉप हातातल्या बॅगेत. डर्बनचा किंग शाका एअरपोर्ट शहरापासून बराच लांब आहे, साधारण पस्तीस किलोमीटर, अॅपवरून टॅक्सी बोलवा. जुलैत तिथे हिवाळा असतो पण दिवसा हलक्या कपड्यांत चालतं, संध्याकाळी मात्र जॅकेट लागतं, आणि अंधार लवकर पडतो. पार्टीनंतर समुद्रकाठाने एकटं चालत हॉटेलवर जायचं नाही, अंतर दहा मिनिटांचं असलं तरी गाडी करा. प्लग तीन जाड गोल पिनांचा लागतो.

पार्ट्यांना जा, पण तिथे पिच करू नका. तिथे लोकांना तुम्ही माणूस म्हणून कसे आहात ते बघायचं असतं, तीन-चार वर्षं एकत्र काम करायचं असतं शेवटी. दुसऱ्यांच्या फिल्मबद्दल विचारा, झांबियाची, रवांडाची, सेनेगलची माणसं भेटतात, त्यांनी कुठला फंड कसा मिळवला ते ते मोकळेपणाने सांगतात आणि ते कुठल्याही पॅनलमध्ये ऐकायला मिळत नाही. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या मीटिंगला वेळेवर पोचता येईल एवढं भान ठेवा म्हणजे झालं.

प्रत्येक मीटिंग संपली की उठल्या उठल्या वहीत चार ओळी लिहा, कोण, काय म्हणाला, काय पाठवायचं कबूल केलं. संध्याकाळपर्यंत सगळे चेहरे एकत्र होतात. घरी आल्यावर आठवड्याच्या आत मेल करा, पण सगळ्यांना तेच मेल नाही. सब्जेक्टमध्ये फिल्मचं नाव आणि डर्बन, आत पहिल्याच ओळीत आपण काय बोललो होतो ते, मग त्याने जे मागितलं तेवढंच. वीस एमबीची पीडीएफ जोडू नका, लिंक द्या, पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहा आणि तो नंतर बदलू नका, कारण ती लिंक तो दोन महिन्यांनी विमानतळावर बसून उघडणार असतो.

उत्तर नाही आलं तर तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा. तरी नाही आलं तर काहीतरी नवीन घडेपर्यंत थांबा, फंड मिळाला, रफ कट झाला, कोणी जोडलं गेलं, की मग एका ओळीचं मेल. 'सध्या आमच्यासाठी नाही पण कट झाला की दाखवा' असं कोणी लिहिलं असेल तर ते शब्दशः घ्या आणि कट झाल्यावर खरंच दाखवा, बरेच जण तो नकार समजून पुन्हा कधी लिहीतच नाहीत.